बांधावरची बामी

माझ्या वरच्या ओळीतला पुढचा एक दात खोटा आहे. खरा दात एका पक्ष्याचं नाव तोंडातून काढल्याबद्दल गेला. नवीन दात बसवणाऱ्या डॉक्टरला मी हे सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. मला हसता आलं नाही, एक तर तोंडात त्याचा आरसा होता, आणि दुसरं म्हणजे त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. घरी आल्यावर नातीनं विचारलं, आजी, पडली होतीस का लहानपणी? म्हटलं, मी कशाला पडतेय, मला पाडलं. तिला तेव्हा जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. हात थरथरतो, पण राग अजून चांगला ताजा आहे, त्यामुळे अडचण येणार नाही.

आमचं गाव उरणच्या बाजूचं, मिठागरांचं. आज तिथे कंटेनरच्या भिंती आहेत आणि ट्रेलरांची रांग पार देवळापर्यंत येते. त्या काळी गावाच्या तिन्ही अंगांना मिठाचे वाफे होते, चौथ्या अंगाला चिखलाचं खाजण आणि पलीकडे खाडी. मध्ये मातीचा बांध. बांधाला जिथे लाकडी फळ्यांचं दार होतं त्याला आम्ही उघाडी म्हणायचो. दार उचललं की भरतीचं पाणी आत, पाडलं की बाहेर. गावाची सगळी अक्कल त्या दाराशी होती. कधी उचलायचं आणि कधी चुकूनसुद्धा उचलायचं नाही हे पोराटोरांनाही ठाऊक असायचं, कारण मीठ पिकून वाफ्यात पांढरं दिसायला लागल्यावर जर खाडीचं पाणी आत शिरलं तर अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत घटकाभरात विरघळून जाते.

आमच्या गावात पक्ष्यांना माणसांची नावं होती. लाडानं ठेवलेली नव्हेत. कुणी मेलं की दहाव्याला बांधावर भाताचा पिंड ठेवायचे, कावळा शिवायची वाट बघायची, हे सगळीकडेच असतं. कावळा शिवला नाही तर बाकीच्या गावांत दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवतात आणि मोकळे होतात. आमच्याकडे तशी पळवाट होती, पण जुन्या लोकांना ती मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं असं की ज्याला कुणी हातानं मारलं त्याच्याच पिंडाला कावळा शिवत नाही. मग त्या घरात लग्न होऊन आलेली बाई, म्हणजे जी रक्ताची नाही तिनं, मान वर करून बांधाकडे बघायचं आणि पहिलं जे पाखरू दिसेल त्याला मेलेल्याचं नाव द्यायचं. तेवढंच. त्या दिवसापासून ती जात त्या नावानं ओळखली जायची, तिच्यावर कुणी दगड मारायचा नाही, आणि मेलेल्याला घर मिळालं असं समजायचे. लांब लाल पायांच्या शेकाट्याला आम्ही धर्मा म्हणत असू, कारण धर्मा नावाच्या माणसाला बांधाच्या हद्दीवरून सख्ख्या चुलतभावानं कोयत्यानं तोडला होता. चिखलात मान आखडून बसणारी ढोकरी म्हणजे गोमा, तिला सासूनं विहिरीत लोटलेली. शाळेत गुरुजींनी तक्त्यावरचा शेकाट्या दाखवून याचं नाव काय असं विचारलं तेव्हा मी ठणकावून ‘धर्मा’ म्हणाले आणि छडी खाल्ली. तेव्हापासून छड्या खाल्ल्या त्या बहुतेक नावांपायीच.

म्हणजे आमच्याकडे पाखराला नाव देणं हा गावानं दिलेला निकाल होता. पोलिसांच्या कागदावर काहीही असो, एकदा बाईनं नाव उच्चारलं की हा खून होता हे ठरलं. माझी नात पक्ष्यांचे फोटो काढत फिरते, गळ्यात ते भलंमोठं यंत्र अडकवून. तिनं मला सांगितलं की जगात पुष्कळ पक्ष्यांना साहेब लोकांची नावं आहेत. ज्या साहेबानं पहिल्यांदा बंदुकीनं तो पक्षी पाडला आणि भुसा भरून विलायतेला धाडला, त्याचं किंवा त्याच्या दोस्ताचं नाव. मी तिला म्हटलं, म्हणजे मारणाऱ्याचं नाव? ती म्हणाली, हो. मला ते फारच उलटं वाटलं, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता माणसं. घरात थोरला काका हा कर्ता. त्याची बायको माहेरी पळाली ती फिरकली नाही, मुलगा वसंता मागे राहिला. मग माझे बाबा, काकापुढे आयुष्यभर मान खाली घालून उभा राहिलेला माणूस. माझी आई. मी. आणि बामीआत्या, बाबांची धाकटी बहीण, नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घालून परत आलेली. नवरा मेला नाही, पण तिला न्यायलाही आला नाही. त्यामुळे ती कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून आमच्याकडेच राहायची आणि सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. तिचा आवाज अर्ध्या मिठागरात ऐकू जायचा. वाटेनं कुणीही परका दिसला की ती लांबूनच ओरडायची, ‘कोन रं तू? कुनाकडं चाल्लास?’ तिनं मला पोहायला शिकवलं ते खाडीत ढकलून. मी तिच्यावर जीव टाकत असे.

काकाचा मार हा घरातला रोजचा आवाज होता, जसा पाट्यावर मसाला वाटायचा असतो तसा. वहाणा ओट्यावर आपटल्या की आई भाकरी थापताना थांबायची आणि त्या आपटण्यावरून आज काय होणार याचा अंदाज घ्यायची. वसंताला तो पट्ट्यानं मारायचा, बाबांना शब्दानं, आईला हाताला येईल त्यानं. बामीआत्येला मात्र सहसा हात लावत नसे. ती उलट मारायची.

त्या दिवशी जिताडा मिळाला होता. खाडीचा जिताडा, हाताएवढा लांब. ज्यांनी तो खाल्लेला नाही त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. आईनं चिंच आणि लसूण घालून कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, घरभर वास. जिताड्याचं डोकं घरातल्या थोरल्या पुरुषाच्या ताटात जायचं अशी रीत होती, त्यात गालाचं मऊ मांस असतं. मी तापातून नुकती उठले होते, तोंडाला चव नव्हती. आईनं कसलाही विचार न करता डोकं माझ्या ताटात वाढलं. काका जेवायला बसला, ताटाकडे बघितलं, माझ्या ताटाकडे बघितलं, आणि चुलीवरचं उकळतं कालवण भांड्यासकट उचलून आईच्या अंगावर फेकलं. आईनं हात आडवा धरला म्हणून तोंड वाचलं. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी सोलून आली. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसता श्वास ओढत राहिली. बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. बामीआत्येनं आईच्या हातावर खोबऱ्याचं तेल लावलं, लुगड्याची चिंधी गुंडाळली, मग स्वतःचं जेवण शांतपणे संपवलं. तिचं ते शांत राहणं बघून मला जास्त भीती वाटली.

दुपार कलली तशी उधाणाची भरती चढली. आत्या निघाली आणि मी तिच्या मागोमाग गेले. उघाडीपाशी पोचल्यावर तिनं कासोटा आवळला, दाराच्या फळ्यांना दोन्ही हात घातले आणि ते वर ओढलं. खाडी धाडकन आत आली. काकाचे सगळे वाफे मिठानं पांढरे झाले होते, उद्यापासून ओढायला घ्यायचं होतं. पाणी त्यावर पसरत गेलं आणि पांढरं हळूहळू मातकट होत गेलं. आत्या बांधावर उभी राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘खा आता! खा तुजा जिताडा!’ इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

काका वाफ्यांकडून धावत आला. हातात मीठ ओढायची फळी होती, लांब जाड दांड्याची. मी खारफुटीच्या मुळांशी उभी होते, सगळं समोर. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, तिनं दांडा धरला आणि त्याच्या हाताला चावली. त्यानं दांडा हिसकला आणि दुसरा डोक्यावर घातला. ती बसली. खाली बसलेल्या बाईला त्यानं पुन्हा मारलं, परत मारलं, आणि मग पायानं उघाडीच्या पाण्यात ढकललं. पाणी तिला फळ्यांवर आपटत होतं. मी किंचाळत गावाकडे पळाले आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले, काकानं आत्येला मारलं, काकानं आत्येला मारलं. मी काही लपवलं नाही, कुणी मला गप्प बसवलं म्हणून गप्प बसले नाही. लोकांनी ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत म्हणायला लागले की पाय घसरला. पोलीस आले, चहा प्याले, माझ्याकडे बघून म्हणाले, तापात हाय वाटतं पोरगी. बाबाही म्हणाले, पाय घसरला. आईनं जळक्या हातानं आत्येला न्हाऊ घातलं, सवाष्ण म्हणून पायांना हळद लावली. हळद लावताना तिनं ती घोट्याच्या वरपर्यंत चोपडली. सगळी वाटी संपवली.

दहाव्याला सगळा गाव बांधावर जमला. एरवी एवढी माणसं येत नसत. पिंड ठेवला. कावळे होते, भरपूर होते, खारफुटीवर ओळीनं बसले होते, पण एकही खाली उतरेना. मग नेहमीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. बाबा म्हणाले, बामे, तुझी कुंकवाची डबी पोरीला देईन. कुणी म्हणालं, तुझ्या नावानं देवळात घंटा बांधू. कावळे आपले बसून. शेवटी एक म्हातारा कुणाकडेही न बघता म्हणाला, ‘कुनाला काय कबूल करायचं आसंल तर करा. लवकर करा.’ सगळे जिथे बघत नव्हते तिथे काका उभा होता. चाव्याच्या जागी हाताला फडकं बांधलेलं. तो क्रियाकर्म करणाऱ्याला म्हणाला, ‘ऊन वाढतंय. दर्भाचा करा आन उरका.’ दर्भ त्यानं घरूनच आणला होता. त्या माणसानं काड्या वळायला घेतल्या.

‘थांबा,’ आई म्हणाली.

आईनं एवढ्या पुरुषांमध्ये काही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती पुढे आली. काका तिच्या कानाशी वाकून बोलला, पण मी जवळच होते, मला ऐकू आलं. ‘तोंड उघडलंस तर तुना बी हितंच गाडीन.’ त्यानं तिचा भाजलेला हात धरला आणि दाबला. चिंधीतून पाणी आलं. तिनं मान वर केली आणि बांधाकडे बघितलं. बांधाच्या कडेला एक टिटवी उभी होती, डोळ्यापुढे लाल चामडी, पिवळेधमक पाय. माणसं बघून ती आधीच कलकलाट करत होती.

‘ती बगा,’ आई म्हणाली. ‘पायाची हलद पन गेली न्हाय आजून. बामी आली.’

बायकांमधून एक जण म्हणाली, ‘बामी.’ मग दुसरी म्हणाली. काकानं आईचा हात सोडला. कावळे तरीही उतरले नाहीत, पण आता त्यांची कुणाला पडली नव्हती.

टिटवी म्हणजे काय चीज आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं समजेल. ती उघड्या बांधावर अंडी घालते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर ओरडत डोक्यावर झेपावते. काकाला रोज बांधावरून जावं लागे. तो निघाला की ती उठायची, आणि वाफ्यात काम करणारी पोरं खाली वाकून, तोंड लपवून म्हणायची, ‘बामी उठली.’ त्यानं पोरांना धरून धरून बडवलं. एकाचा हात मोडला. घरात ते नाव काढायचं नाही असा हुकूम झाला. एकदा जेवताना बाहेर टिटवी ओरडली आणि मी, मुद्दाम, त्याच्याकडे बघत म्हणाले, ‘बामीआत्या आली.’ त्यानं पाण्यानं भरलेला तांब्या माझ्या तोंडावर हाणला. दात भातात पडला. मी तो उचलून खिशात घातला, तोंडातलं रक्त गिळलं आणि पुन्हा म्हणाले, ‘बामी.’ त्या वेळी मात्र बाबा उठले आणि मध्ये येऊन उभे राहिले. नुसते उभे राहिले, पण त्यांच्यासाठी तेवढंसुद्धा डोंगर चढण्यासारखं होतं, हे मला आज कळतं.

मग त्यानं पाखरांवर हात टाकला. नाव दिलेल्या पाखराला आमच्या गावात कुणी कधी मारलं नव्हतं. तो गलोल घेऊन जायचा. बांधावरची अंडी शोधून टाचेनं रगडायचा आणि ओले पाय घेऊन घरात यायचा. एका सकाळी आई चुलीपुढे होती. त्यानं मान पिरगाळलेली टिटवी तिच्यासमोर टाकली. पंख अजून हलत होते.

‘शिजव,’ तो म्हणाला. ‘शिजव तुजी ननंद.’

आईनं तव्यावरची भाकरी काढून बाजूला ठेवली. पाखरू पदरात घेतलं. बाजूचा कोयता उचलला आणि त्याच्याकडे टोक करून, पाठ न दाखवता, दारापर्यंत गेली. बाहेर गेल्यावर कोयता टाकला आणि मोठ्यानं रडायला लागली. आत्या गेली तेव्हा असं रडायला तिला मिळालं नव्हतं, पाय घसरला असं ठरलेल्या बाईसाठी ‘मारली गं’ म्हणून गळा काढता येत नाही. आता ती गावातून नाव घेत चालली, ‘बामे गं, पुन्ना मारली गं तुना, माज्या चुलीपुढं मारली गं,’ आणि दारादारातून बायका बाहेर आल्या. कुणाचे हात पिठाचे, कुणाच्या कडेवर पोर. सगळ्या रडत बांधापर्यंत गेल्या. त्यांनी उघाडीजवळ त्या पाखराला अग्नी दिला, पायांना हळद लावून. पुरुष लांब उभे होते आणि त्यांतल्या एकालाही मध्ये पडायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकाच्या मिठागरात एकही बाई कामाला गेली नाही. मीठ ओढायला पुरुष लागतात, पण डोक्यावर टोपल्या वाहून राशीवर टाकतात त्या बायका. त्यानं शिव्या दिल्या, बाहेरगावच्या बायका आणल्या, पण त्यांनाही पाणवठ्यावर सगळं समजलं आणि त्या तशाच परत गेल्या. मीठ वाफ्यातच राहिलं. आम्ही वेगळे झालो, गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत. तिथे जिताड्याचं डोकं ज्याला भूक जास्त त्याच्या ताटात जाई.

पुढे मिठागरं गेली, बंदर आलं. बांधाच्या जागी खडीची मैदानं झाली, आणि टिटव्या आता त्या खडीत अंडी घालतात. मागच्याच महिन्यात रस्त्याकडेला चहाला थांबले होते. एका ट्रेलरच्या ड्रायव्हरनं क्लीनरला हाक मारून सांगितलं, ‘गाडी पीछे मत ले, उधर बामीने अंडे दिये हैं.’ माणूस कुठला लांबचा, बिहारचा असेल. मी विचारलं, बामी म्हणजे काय रे? म्हणाला, वही चिडिया, माँजी, जो चिल्लाती है. यहाँ सब बामी बोलते हैं. मी त्याच्या चहाचे पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. चहा हातात धरून तिथेच रडले, आणि तो बिचारा घाबरून गेला.

काका म्हातारा होऊन अंथरुणात मेला. पोटभर जेवून. न्याय कसला घेऊन बसलात! दहाव्याला वसंतानं आईला बोलावणं धाडलं. रक्ताची नसलेली, त्या घरात आलेली तीच एक उरली होती. आई तोवर कमरेत वाकली होती, तरी गेली, आणि तिला धरून मी. बांधाचा जो तुकडा शिल्लक होता तिथे पिंड ठेवला. त्याला कुणी मारलेलं नव्हतं, तरी कावळा शिवला नाही. ऊन चढलं. कुणीतरी दर्भ पुढे केला, तर वसंतानंच तो बाजूला सारला. त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ आयुष्यभर राहिले, आणि तरी तो रडत होता.

‘दर्भ नको. काकी, नाव घे,’ तो म्हणाला. ‘तो घरात फिरतोय गं. मना झोप न्हाय. कुटं तरी जाऊं दे त्याला.’

आईनं मान वर केली. वाकलेल्या बाईला मान वर करायला वेळ लागतो. चिखलात धर्मा उभे होते. गोमा होती. बामी आमच्या डोक्यावरून ओरडत गेली. आई एकेकाकडे बघत राहिली. विजेच्या खांबावर एक घार बसलेली होती. तिला तोवर कुणाचं नाव नव्हतं.

‘घार घे, काकी,’ वसंता म्हणाला. ‘त्याला शोभंल.’

आईनं घारीकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग माझ्या खांद्यावर भाजल्याच्या डागाचा हात ठेवला.

‘घारीनं माजं काय वाकडं केलंय?’ ती म्हणाली. ‘चला घरी.’

वसंता मागून हाका मारत होता. आई वळली नाही. तिनं एकही पाखरू त्याला दिलं नाही, आणि मीही या प्रकरणात त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.